एकाच बर्नरची ज्योत पिवळी येतेय, साफ करून झालं तरी तेच. काय करू?

मेथीची_जुडी
नमस्कार मंडळी, आमची तीन बर्नरची काचेची शेगडी आहे, सहा वर्षं झाली, सिलिंडरवरच चालते. मे महिन्यात गावाला गेलो होतो, घर पंचवीस दिवस बंद होतं, आणि आल्यापासून डावीकडचा बर्नर चक्क पिवळा पेटतोय. बाकीचे दोन मस्त निळे. कुकरचं बूड असं काळं होतंय की पूर्वी चुलीवर व्हायचं तसं, बाई पण कुरकुर करायला लागल्यात की ताई राख देऊ का घासायला. बर्नर ईनो आणि लिंबू टाकून गरम पाण्यात भिजवला, टूथब्रशने घासला, सोन्यासारखा झाला पण ज्योत पिवळी ती पिवळीच. रिपेअरवाला आला, त्याने नुसतं वरून बघितलं आणि म्हणाला पूर्ण सेट बदला, बाराशे होतील. मला काही ते पटत नाहीये. घरी काही करता येईल का? आणि हो, असं वापरत राहिलं तर चालतं का, कारण उजवीकडच्या दोनवर सकाळचा डबा होत नाही वेळेत.

तडकामारके
पिवळी ज्योत म्हणजे भोकं चोक झालीयेत सरळ आहे. एकेक भोकात दाभण घाला आणि गोल फिरवून जरा मोठी करा, मी मागच्या वर्षी केलेलं, आच डबल झाली होती.

निवांत_नाना
आधी एक सांगा, फुलके डायरेक्ट आचेवर भाजता का? आमच्याकडे तेच कारण निघालं होतं. पीठ पडतं बर्नरमध्ये आणि आत बसून जळत राहतं. मिठाचं पाणी उतू गेलं तरी थोडा वेळ पिवळं दिसतं पण ते दोन मिनिटांत जातं. आणि सिलिंडर संपत आला असेल तर तेही बघा, शेवटी शेवटी ज्योत अशीच मरगळते आणि वासही जास्त येतो.

मेथीची_जुडी
नाना, फुलके भाजते पण ते उजवीकडच्या छोट्यावर. सिलिंडर गेल्याच आठवड्यात लावलाय. आणि संपत आला असता तर तिन्ही पिवळे झाले असते ना?

आबा_मिरजकर
ताई, तुमचा प्रश्न बरोबर आहे, एकच पिवळा म्हणजे सिलिंडर आणि रेग्युलेटर दोघंही सुटले. माझं शेगडी रिपेअरचं दुकान होतं, आता मुलगा बघतो, त्यामुळे जरा लांबण लावतो, माफ करा.

पहिले दाभणवाल्यांना. अहो असं काही सांगत जाऊ नका. भोकं मोठी केली की गॅस बाहेर यायचा वेग कमी होतो आणि ज्योत आत शिरते, मग "फट्ट" करून खाली जेटपाशीच, म्हणजे गॅस सुटतो त्या बारीक तोंडाशीच, पेटते. तुमची आच डबल झाली म्हणता, पण गॅस किती सुटणार ते जेट ठरवतं, टोपीची भोकं नाही. भोकातली घाण काढायला सेफ्टी पिन पुरे, तीसुद्धा सरळ आत-बाहेर, फिरवायची नाही. आणि जेटला तर सेफ्टी पिनसुद्धा नको, ते पितळेचं असतं आणि छिद्र एक मिलिमीटरच्याही आतलं, जरा ओरबाडलं की कामातून गेलं. जुन्या रॉकेलच्या स्टोव्हची पिन आठवते का, पत्र्याच्या पट्टीला बारीक तार? ती कुठे मिळाली तर ठेवा जपून.

आता मुद्दा. निळ्या ज्योतीला गॅसबरोबर हवा लागते. नॉबच्या मागे जेट असतं, त्यातून गॅस जोरात सुटतो आणि समोरच्या नळीच्या तोंडातून हवा ओढून घेतो, दोघं नळीत मिसळतात आणि बर्नरपर्यंत जातात. पिवळं पेटतंय म्हणजे हवा कमी पडतेय. बर्नर वरून कितीही घासा, नळी तुंबली असेल तर काय उपयोग. पंचवीस दिवस घर बंद होतं म्हणालात तिथेच माझी शंका गेली, पण आधी खात्री करा. तुमचे दोन बर्नर एकाच मापाचे असतील तर शेगडी गार झाल्यावर वरच्या पितळी टोप्या अदलाबदल करून बघा. पिवळेपणा टोपीबरोबर गेला तर टोपीत दोष. तिथेच राहिला तर नळी नाहीतर जेट. एवढं करा आणि सांगा, मग पुढचं.

असं वापरत राहू का विचारलंत. गॅस वाया जातो, काजळी धरते आणि खिडकी बंद असेल तर धूर चांगला नाही. तोवर तो बंदच ठेवा.

जर्सीतली_वहिनी
माझा अगदी उलटा प्रॉब्लेम. इकडे न्यू जर्सीत पाइपवाला नॅचरल गॅस, रेंज, म्हणजे ओव्हनसकटची शेगडी, पण घरासोबतच आलेली. दिवाळीच्या फराळानंतर सगळं धुऊन काढलं तर लायटरचं टिकटिक थांबेचना, नॉब बंद केला तरी टिकटिक, रात्री अकरा वाजता. दुसऱ्या दिवशी कळलं की इग्निशनच्या पांढऱ्या काडीखाली पाणी गेलेलं. प्लग काढला, पंख्याखाली वाळू दिलं, झालं. आणि सासूबाईंनी भारतातून आमच्यासाठी नवी शेगडी पाठवायचा बेत केला होता तो नवऱ्याने वेळीच हाणून पाडला कारण सिलिंडरच्या शेगडीचं जेट पाइपच्या गॅसला चालत नाही, बदलावं लागतं.

आबा_मिरजकर
वहिनी बरोबर बोलल्या. पुण्या-मुंबईत घरोघरी पाइप गॅस आला तेव्हा आमच्याकडे रोज हेच. पाइपच्या गॅसला छिद्र मोठं लागतं. सिलिंडरचं जेट तसंच ठेवलं तर मिणमिणतं, आणि पाइपची शेगडी सिलिंडरला लावली तर भडका आणि ढीगभर काजळी. कुणी गाव बदलताना शेगडी सोबत नेत असाल तर ध्यानात ठेवा.

मेथीची_जुडी
आबा, केलं! डावा आणि मधला एकाच मापाचे आहेत. टोप्या बदलल्या तरी डावाच पिवळा, मधला निळा. म्हणजे टोपी निर्दोष. बाराशे वाचले असं समजू का?

आबा_मिरजकर
अजून नाही, नळी बघू. रेग्युलेटर बंद करा, मग बर्नर पेटवून नळीतला उरलेला गॅस जळून जाऊ द्या, विझला की नॉब बंद. शेगडीच्या मागची रबरी नळी काढा. टोप्या, जाळ्या, ट्रे बाजूला. आता ओट्यावर जाड टॉवेल घालून शेगडी उलटी ठेवा, काच आहे, हलक्या हाताने. खाली बर्नरची अॅल्युमिनियमची नळी दिसेल, बहुतेक एका स्क्रूवर असते. स्क्रू काढून नळी मागे सरकवली की जेटवरून सुटते. बाटली धुवायचा बारीक ब्रश किंवा स्ट्रॉ साफ करायचा ब्रश आरपार फिरवा. नळी धुतलीत तर पूर्ण उन्हात वाळवा. जेटला पाणी लावू नका, कोरड्या ब्रशने पुसा. नॉब काढून त्यातलं ग्रीस वगैरे बघायला जाऊ नका, ते चुकलं तर लीकेज होतं, ते काम मेकॅनिकचंच.

जोडून झाल्यावर साबणाचं पाणी करून रबरी नळीच्या दोन्ही टोकांना लावा, बुडबुडे आले म्हणजे लीक. काडी पेटवून बघायचं नाही. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो ओट्याखाली साचून राहतो, वरची खिडकी उघडली तरी लगेच जात नाही. वास आलाच तर दिव्याचं बटण ना चालू ना बंद, सिलिंडरची टोपी लावा आणि बाहेर जाऊन १९०६ ला, गॅसगळतीच्या हेल्पलाइनला, फोन.

निवांत_नाना
आणि काच गरम असताना ओला फडका मारू नका. आमच्या वरच्यांची काच अशीच गेली, फरशीभर साबुदाण्यासारखे तुकडे.

मेथीची_जुडी
मंडळी झालं एकदाचं!! रविवारी अहो आणि मी दोघांनी मिळून उलटी केली. नळीच्या तोंडाशी कोळ्याने पांढरं पांढरं जाळं करून ठेवलेलं, कापसाच्या बोंडासारखं, आणि त्यात एक वाळलेलं झुरळ. ईईई. म्हणजे आम्ही गावाला आंबे खात होतो आणि याने इकडे बिऱ्हाड केलं. ब्रशने सगळं निघालं, मधल्याची नळी पण बघितली, ती स्वच्छ होती. जोडलं, साबणपाणी लावलं, पेटवलं तर निळीशार! लेकाने व्हिडिओ काढलाय.

पण शेगडीच्या मागे हात गेला तेव्हा केशरी नळीवरचं साल वाचलं तर २०१८! इतकी वर्षं सिलिंडर येतोय जातोय, कोणी बघितलंच नाही. बाहेरून चांगली दिसतेय, बदलायची का तरी?

आबा_मिरजकर
बदलायचीच. ती नळी पाच वर्षांची असते, बाहेरून काय दिसतं त्यावर जाऊ नका. एजन्सीकडून आयएसआय मार्कवाली घ्या, हार्डवेअरच्या दुकानातली साधी हिरवी नको. आणि दीड मीटरच घ्या, लांब घेऊन गुंडाळून ठेवतात लोक.

बाकी ते ईनो-लिंबू रोज रोज करू नका. पितळ आंबटात फार वेळ राहिलं की तांबूस गुलाबी दिसायला लागतं, म्हणजे त्यातलं जस्त निघून जातंय. दहा-पंधरा मिनिटं पुरे, तेही महिन्यातून एकदा. एरवी भांड्यांच्या साबणाचं गरम पाणी.

तडकामारके
आबा, माझ्या बर्नरचं आता काय करू? खरंच फट्ट करतोय हल्ली 😅

आबा_मिरजकर
कोणत्या मापाचा आहे ते मोजून सांगा. नवीन टोपी घ्या, दुसरा इलाज नाही. आणि दाभण गोधडीला ठेवा.