देवमाशांची 'लोकसंख्या' म्हणावं का?

प्रश्न

रत्नागिरीतल्या एका शाळेच्या प्रदर्शनासाठी अरबी समुद्रातल्या हंपबॅक देवमाशांवर मराठी फलक लिहिते आहे. पहिल्याच वाक्याला अडले. 'पॉप्युलेशन'साठी सवयीने 'लोकसंख्या' लिहिलं, तर सहावीतल्या भाच्याने विचारलं, "मावशी, देवमासे लोक असतात का?" त्याचं बरोबर होतं. मग सगळीकडे 'संख्या' केलं. आता एक वाक्य असं झालंय: 'ही संख्या सुमारे ७०,००० वर्षं इतरांपासून वेगळी राहिली आहे.' संख्या वेगळी कशी राहील? दुसरा शब्द सुचवा.

प्रतिसाद

ताई, पॉप्युलेशन या शब्दात दोन अर्थ कोंबलेले आहेत. एक मोजणीचा: किती आहेत. दुसरा नात्याचा: कोण कोणाशी जोडी जमवतं. तुमच्या फलकाला दोन्ही लागणार, म्हणून एका शब्दाने भागणार नाही.

जनुकशास्त्रात दुसरा अर्थ चालतो. जुन्या शब्दात सांगायचं तर ज्यांचा आपसांत बेटीव्यवहार आहे, ते सगळे मिळून एक पॉप्युलेशन. अरबी समुद्रातल्या हंपबॅकांचा बाहेरच्यांशी हा व्यवहार जवळपास बंद आहे. ओमानच्या किनाऱ्यावर त्यांच्या कातडीचे छोटे नमुने घेतले गेले. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं, की त्यांचे सर्वात जवळचे नातलग दक्षिण हिंदी महासागरात आहेत आणि त्यांच्यापासून हे सुमारे ७०,००० वर्षांपूर्वी तुटले. मध्ये भिंत नाही, सलग पाणी आहे. पण दक्षिणेकडच्यांचा विणीचा हंगाम तिकडच्या हिवाळ्यात येतो, इकडच्यांचा आपल्या हिवाळ्यात. सहा महिन्यांचं अंतर पडतं.

जगातले बाकीचे हंपबॅक खायला ध्रुवांकडच्या थंड पाण्यात जातात आणि वीण करायला उष्ण पाण्यात येतात. हे मात्र बारा महिने इथेच. आपला पाऊस आणणारे नैर्ऋत्य वारे ओमानजवळ समुद्राचं वरचं पाणी लोटतात, खालचं थंड, सकस पाणी वर येतं आणि खाणं दारातच मिळतं. ज्या वाऱ्यांची आपण जूनमध्ये वाट बघतो त्यांच्यावरच हे देवमासे जगतात, हे फलकावर जरूर लिहा. मुलांना ते आपलं वाटेल.

प्रतिसाद

'समष्टी' आहे की! संख्याशास्त्रात तोच शब्द रूढ आहे.

प्रतिसाद

समष्टी मला अर्धीच पटते. व्यष्टी आणि समष्टी म्हटलं की मराठी कानाला 'एकटा' आणि 'अवघे' असं ऐकू येतं. इथे तर अवघ्यांतून वेगळा पडलेला एक भाग दाखवायचा आहे.

'कळप' नको. कळप म्हणजे आज एकत्र पोहणारे. एका पॉप्युलेशनमधले दोन देवमासे जन्मात भेटले नाहीत तरी चालतं. 'गोत' ऐकायला गोड आहे, पण सगोत्र विवाह वर्ज्य, म्हणजे अर्थ बरोबर उलटा.

मला 'घराणं' सुचतं. हंपबॅकचे नर गातात, आणि अरबी समुद्रातल्यांचं गाणं नैर्ऋत्य हिंदी महासागरातल्यांपेक्षा वेगळं आहे. जयपूर, किराणा म्हणतो तसं अरबी समुद्र घराणं.

प्रतिसाद

घराणं वाचून फार आनंद झाला. पण गाण्याचं घराणं शिकून मिळतं, रक्ताने नाही. नर एकमेकांची गाणी ऐकून उचलतात. म्हणजे गाण्यापुरता शब्द चपखल, जनुकांसाठी अपुरा. मुलांना तोंडी समजावताना जरूर वापरा, फलकावर शीर्षक म्हणून नको.

आणखी एक. काही ठिकाणी यांना 'ओमानचे देवमासे' लिहिलेलं दिसतं. तसं लिहू नका. २०१७ च्या अखेरीला ओमानमध्ये उपग्रह टॅग लावलेली एक मादी समुद्र ओलांडून गोव्याच्या किनाऱ्याजवळ आली, तिथून दक्षिणेला मन्नारच्या आखातापर्यंत गेली आणि परत ओमानला पोचली. तिचं नाव लुबान, म्हणजे आपण संध्याकाळी धुपाटण्यात घालतो तो लोबान. शब्द अरबस्तानातून आपल्या देवघरापर्यंत आला, तीही त्याच समुद्रातून आली. 'अरबी समुद्रातले' हेच विशेषण खरं.

प्रतिसाद

शब्दाचा हा घोळ किती महाग पडतो, याचं उदाहरण देतो. २००८ साली आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या लाल यादीत, म्हणजे कोणत्या प्रजातीला किती धोका आहे हे सांगणाऱ्या यादीत, हंपबॅक ही प्रजाती 'चिंता नाही' या वर्गात गेली, कारण जगभर त्यांची संख्या सावरली होती. त्याच वर्षी अरबी समुद्रातले हंपबॅक 'संकटग्रस्त' ठरले. 'लोकसंख्या' लिहिणारा माणूस पहिल्या बातमीत 'वाढली' लिहील, दुसरीत 'घटली', आणि वाचक म्हणेल एक काहीतरी खोटं आहे. दोन्ही खरं आहे. पहिली बातमी प्रजातीची, दुसरी तिच्यातल्या एका तुटलेल्या भागाची.

२००० ते २००४ या काळात शेपटीच्या खालच्या बाजूचे फोटो जुळवून ओमानजवळ सुमारे ८२ जनावरांचा अंदाज निघाला होता. १९६५-६६ मध्ये सोव्हिएत जहाजांनी ओमान, पाकिस्तान आणि वायव्य भारताच्या किनाऱ्यांजवळ २४२ हंपबॅक मारले. हे दोन आकडे शेजारी ठेवले की माझा तर हात थांबतो. अंटार्क्टिकाजवळ हजारो हंपबॅक वाढले तरी इथली जागा भरायला तिकडून कोणी येणार नाही, कारण तो व्यवहारच नाही.

मोजायचं तिथे 'संख्या', नात्याचं तिथे 'समष्टी', आणि पहिल्यांदा वापराल तिथे अर्थ उलगडून सांगा. 'अवघे' हा अर्थ आड येतो हे मान्य, पण वापराने शब्द घडतो.

मूळ प्रश्नकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. फलक असा केला आहे:

'अरबी समुद्रातले हंपबॅक देवमासे आपसांतच जोड्या जमवतात. अशा गटाला समष्टी म्हणतात. ही समष्टी सुमारे ७०,००० वर्षं वेगळी आहे. ओमानजवळ तिची संख्या शंभराच्याही आत असावी असा अंदाज निघाला होता.'

भाच्याला वाचून दाखवलं. त्याने विचारलं, "मग लुबानला पिल्लू झालं का?"