शाळेच्या ग्रंथपालाने वर्गातली टेक्नॉलॉजी शिकायची, की आधी कपाटं उघडायची?

सातवं कपाट (धागाकर्ती):
जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी शाळेत ग्रंथपाल आहे. दिवाळीनंतर आमच्याकडे वर्गात वापरायच्या डिजिटल साधनांचं दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं. यादीत सगळे शिक्षक, माझं नाव नाही. विचारलं तर म्हणाले, "मॅडम, तुम्हाला तास कुठे असतात?" आठवड्याला अकरा वाचनतासिका घेते मी! शेवटी एका मॅडमच्या शेजारी खुर्ची टाकून बसले. चहासुद्धा त्यांच्याच कुपनावर.

तिथे प्लिकर्स नावाचं ॲप पाहिलं. मुलांच्या हातात फक्त छापील कार्डं, फोन एकट्या शिक्षकाकडे. कार्डावरच्या चौकटीच्या चार बाजूंना ए, बी, सी, डी. जे उत्तर वाटतं ती बाजू वर धरायची, आपण कॅमेरा वर्गावरून फिरवायचा, कोणाचं उत्तर काय ते फोन टिपतो. प्रत्येक कार्डाची नक्षी वेगळी, त्यामुळे शेजाऱ्याचं बघून उपयोग नाही. ४० कार्डांचा संच फुकट छापता येतो.

मी उत्साहात चकचकीत लॅमिनेशन केलं आणि फसले. खिडकीचं ऊन कार्डावर पडलं की फोनला काही दिसेना. अर्धी पोरं नक्षीवरच बोटं ठेवायची. एक तर म्हणाला, "मॅडम, मन्हं कार्ड उलटं व्हतं!" पण कधीच हात वर न करणाऱ्या चार मुली त्या दिवशी पहिल्यांदा 'बोलल्या'.

माझं म्हणणं एवढंच: हे शिकणं ग्रंथपालाचंही काम आहे, प्रशिक्षणाच्या यादीत आमचं नाव हवं.

तापीकाठ:
ताई, राग मानू नका. मी वीस वर्षं मराठी शिकवतोय. चारातला एक पर्याय वर धरणं म्हणजे चाचणी, वाचन नव्हे. पोरगं गोष्ट वाचून गप्प बसलं असेल तर बसू द्या की. वर्गात परीक्षा, घरी क्लास, आणि एक ग्रंथालय उरलं होतं तिथेही कॅमेरा! साने गुरुजी अमळनेरच्या छात्रालयात हाताने लिहून दैनिक काढायचे. त्यांना कुठलं ॲप लागलं?

भर दुपारी:
@तापीकाठ, हाताने लिहायचे कारण तेव्हा हाताशी तेच होतं सर. आज असते तर मोबाईलवर काढलं असतं, आणि शुद्धलेखनासाठी आपल्याला पाठवलं असतं. 😀

अर्धवेळ:
मी अर्धवेळ ग्रंथपाल म्हणून निवृत्त झालो. पट हजारावर असल्याशिवाय पूर्णवेळ पद नाही हे ठाऊक असेलच. कडू बोलतो, पण शिकू नका! मी एक्सेल शिकलो, का तर दाखलनोंद रजिस्टर संगणकावर घ्यावं. महिन्याभरात स्कॉलरशिपचे फॉर्म माझ्याकडे, मग सरल आणि यू-डायस या सरकारी पोर्टलांवर शाळेची माहिती भरणं. पगार अर्धा, काम दीड. रजिस्टर शेवटपर्यंत अर्धंच राहिलं. पोरं यायची आणि दाराला कुलूप, कारण ग्रंथपाल ऑफिसात. ज्याला येतं त्याच्याच गळ्यात पडतं.

सातवं कपाट:
@अर्धवेळ, काका, याला माझ्याकडे उत्तर नाही. परवाच हेडक्लार्क म्हणाले, "तुम्हाला जमतं ना हे सगळं?" आणि माझ्या पोटात गोळा आला. पण न शिकण्यानेही आम्ही सुटत नाही. १२ ऑगस्टला, ग्रंथपाल दिनी, ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांच्या फोटोला हार घालतो आणि त्यांचं १९३१ सालचं सूत्र, वाचकाचा वेळ वाचवा, दुसऱ्या दिवशी विसरतो. देवघेव वहीत शोधताना मधली सुट्टी संपते. शीटमध्ये नाव टाकलं की पुस्तक कोणाकडे आहे ते लगेच कळतं.

@तापीकाठ, सर, तुमचा मुद्दा लागला. 'नायकाचं नाव काय' छापाचे प्रश्न मी बंद केलेत. आता विचारते, ही गोष्ट इथेच संपायला हवी होती का? कार्डं वर होतात आणि खरं भांडण त्यानंतर सुरू होतं.

धडगावकडून:
तुमचं सगळं नेटवर्क असलेल्यांचं आहे. आमच्या आश्रमशाळेत पाठ्यपुस्तकावरचा दीक्षा या सरकारी ॲपचा क्यूआर कोड म्हणजे नुसती रांगोळी. मला एकच साधन कामाला आलं: स्टोरीवीव्हर, मुलांच्या गोष्टींची वेबसाइट. प्रथम बुक्सचं आहे, २०१५ पासून. गोष्टी खुल्या परवान्यावर असल्याने उतरवून घ्या, छापा, भाषांतर करा, कोणी अडवत नाही. शहाद्याला गेलो की पीडीएफ उतरवतो आणि प्रिंट काढतो. मराठी ओळीखाली पोरं आपल्या पावरी बोलीत ओळ लिहितात, देवनागरीतच. चौथीतल्या मुलीने मला तीन शब्द दुरुस्त करून दिले. हे कुठल्या प्रशिक्षणात शिकवलं नाही, म्हणून यादीत नाव आलं काय नि न आलं काय.

सातवं कपाट:
हे फार आवडलं. पण तुम्ही स्वतः शोधून काढलंत म्हणून सगळ्यांनी तसंच धडपडावं का? पहिल्या दिवशी शेजारी कोणी सांगणारं असतं, तर माझ्या लॅमिनेशनचे पैसे वाचले असते. (मॅट लॅमिनेशन जळगावात कुठे होतं?)

भर दुपारी:
गोलाणी मार्केटला विचारून बघा. आणि पुढच्या वेळी चहाचं कुपन स्वतःचं मागा.

तापीकाठ:
भांडणवाला प्रश्न चांगला आहे, मी चोरणार. पण शीर्षकातल्या दुसऱ्या अर्ध्यावर तुम्ही बोललाच नाहीत. तुमच्याकडची सातही कपाटं उघडी असतात का?

सातवं कपाट:
पाच. दोनांची किल्ली ऑफिसात असते. सोमवारी मागते.