पणजी सवाष्ण गेली की विधवा? बडोद्यातला शोध

मांडवीकर: पणजीची माहिती जमवतोय. घरातल्या एका खरेदीखतावर 'गं. भा. लक्ष्मीबाई' असं नाव आहे, मिती कार्तिक शुद्ध ५, संवत १९८४. पणजीचं श्राद्ध मात्र आमच्याकडे अविधवा नवमीला होतं. माहेरचं आडनाव कुणालाच ठाऊक नाही. पणजोबा गायकवाडी नोकरीत होते. सुरुवात कुठून करू?

पंचांगवाले: माहेर नंतर शोधा, आधी हा घोळ सोडवा. अविधवा नवमी, म्हणजे भाद्रपद वद्य नवमी, सवाष्ण गेलेल्या बाईची. 'गंगाभागीरथी' लावतात विधवेच्या नावामागे. एकाच बाईला दोन्ही लागू होत नाही. पणजोबांची बहुधा दोन लग्नं झाली असावीत, आणि तुमचे आजोबा कुणाच्या पोटचे हे ठरल्याशिवाय पुढे जाऊ नका, नाहीतर भलत्याच घराण्याची वंशावळ हाती येईल. नवमीच्या संकल्पात कोणतं नाव घेतात ते गुरुजींना विचारा. गोत्र सासरचंच सांगतील, त्यावरून माहेर शोधायला जाऊ नका.

मिती उतरवताना जपा. गुजराती संवत कार्तिक शुद्ध प्रतिपदेला बदलतो. तेव्हापासून डिसेंबरअखेर ५७ वजा करायचे, जानेवारीपासून आश्विनअखेर ५६. म्हणजे खत १९२७ चं. सरसकट ५६ वजा केलेत तर १९२८ ची खतनोंदणीची वही चाळत बसाल.

वंशावळ_छंद: माहेरासाठी आधी स्वतःच्याच घराण्याचा कुलवृत्तांत, म्हणजे वंशावळीचं पुस्तक, छापलेला आहे का बघा. त्यात बहुतेकदा सुनेचं माहेरचं नाव आणि वडिलांचं नाव असतं, दोन लग्नं असतील तर दोन्ही बायका. लग्नात नाव बदलायची चाल होती, म्हणून माहेरच्या कागदांत 'लक्ष्मी' शोधून काही मिळणार नाही. तिकडच्या वृत्तांतात लेकीपुढे दिलेलं सासरचं आडनाव बघा, ते तुमचं हवं.

कुलवृत्तांत नसेल तर आजोबांचं थोरलं सख्खं भावंड कुठे जन्मलं ते काढा. पहिलं बाळंतपण माहेरी होत असे. तिथली जन्मनोंद बारशाआधीची असेल तर बाळाचं नाव नसतं. बापाचं नाव आणि महिना घेऊन शोधा. मूळ गाव कळलं की त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांकडची नामावळ, म्हणजे यात्रेकरूंच्या नावांची वही, तीही बघता येते.

मोडीवाचक: बडोदा संस्थानचं जुनं दफ्तर मागताना नुसतं आडनाव देऊन भागत नाही. पणजोबांचं खातं, हुद्दा आणि अंदाजे साल लागतं. बरेच जुने कागद मोडीत असतात. मोडीत आधी आडवी रेघ ओढून खाली अक्षरं जोडत जातात, शब्द सुटे नसतात. त्यामुळे 'लक्ष्मीबाई कोम अमुक' मधला 'कोम' नावाचाच भाग वाटतो. कोम म्हणजे बायको, पुढचं नाव नवऱ्याचं. मुलाला 'बिन'.

घर अजून कुटुंबात असेल तर सिटी सर्व्हेतली जुनी वारसनोंद काढा. त्यात विधवा आणि लेकी दोघींची नावं असू शकतात. लेकीच्या घरी आजीचं माहेर बरेचदा आठवणीत असतं.