विषय: जोहान्सबर्गला लाईटचं खरं काय आहे?

प्रेषक: म्हापसा

नमस्कार मंडळी,

आमच्या मुलीला जोहान्सबर्गजवळ मिडरँडला नोकरी लागलीय, जावई आणि नातू पण पुढच्या महिन्यात जाणार. इथं म्हापशात कुणालाही सांगितलं की पहिला प्रश्न हाच येतो, तिथं लाईट असते का हो? यूट्यूबवर एक जण म्हणतो दिवसातले दहा तास काळोख, दुसरा म्हणतो ते सगळं संपलं, आता काही नाही. जावयाचं म्हणणं इन्व्हर्टर असलेलंच घर भाड्याने घ्यायचं, मुलगी म्हणते आधी जाऊन बघू. नातवाला दम्याचा त्रास आहे, रात्री कधीकधी नेब्युलायझर लागतो, म्हणून जीवाला घोर. तिथून परत येऊन गोव्यात राहिलेले बरेच जण या यादीवर आहेत, कुणीतरी नीट सांगा.


प्रेषक: फोंडा

काका, नमस्कार. आम्ही रँडबर्गला बरीच वर्षं काढली, 2008 चा पहिला फटका तिथंच बघितला आणि 2023 सुद्धा, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते, कंटाळा आला तर मुलीला वाचायला द्या.

यूट्यूबवाले दोघंही आपापल्या वेळेचं खरंच सांगतायत. 2023 सगळ्यात वाईट, मोजके दिवस सोडले तर वर्षभर कुठल्या ना कुठल्या स्टेजचं लोडशेडिंग होतंच. मग 26 मार्च 2024 नंतर ते थांबलं, दहा महिने सलग लाईट, लोकांचा विश्वास बसायला लागला होता आणि 31 जानेवारी 2025 ला परत सुरू झालं, फेब्रुवारीत तर रातोरात स्टेज सहापर्यंत गेलं. पुढेही त्या वर्षी मधूनमधून काही दिवस झालं. म्हणजे रोजचा त्रास राहिला नाही हे खरं, पण तयारीशिवाय जाऊ नये हेही तितकंच खरं.

स्टेज म्हणजे काय ते आधी कळलं पाहिजे. एक स्टेज म्हणजे देशभरातून एक हजार मेगावॅट मागणी कमी करायची, सहा म्हणजे सहा हजार. भाग पाळीपाळीने बंद करतात, स्टेज चारला साधारण चार दिवसांत बारा वेळा, प्रत्येक वेळी दोन-अडीच तास, काही ठिकाणी पाळीच चार तासांची. स्टेज सहाला दिवसातले आठ-दहा तासही जायचे. आणि हे मुद्दाम करतात, ग्रिड म्हणजे देशभरचं विजेचं जाळं वाचवायला. निर्मितीपेक्षा मागणी वाढली की फ्रिक्वेन्सी 50 हर्ट्झच्या खाली घसरते, फार घसरली की पॉवर स्टेशनं एकामागून एक स्वतःला तोडून घेतात आणि सगळा देश काळोखात. आपल्याकडे 30 आणि 31 जुलै 2012 ला उत्तरेत तेच झालं ना, पण आपलं पश्चिम ग्रिड शाबूत होतं, त्याच्या आधाराने उत्तर परत उभी राहिली. दक्षिण आफ्रिकेला असा मोठा शेजारीच नाही, मोझांबिकच्या काहोरा बासा धरणाची वीज येते ती देशाच्या गरजेपुढे थोडी. तिथं सगळं एकदम पडलं तर उभं करायला आठवडे लागू शकतात. म्हणून लोडशेडिंगला शिव्या देणाऱ्या माझ्या शेजारणीला मी सांगायचे, की बाई, ही पाळी आहे तोवर ग्रिड जिवंत आहे.

राग यावा असं वेगळंच आहे. 1998 मध्ये सरकारच्याच श्वेतपत्रिकेत लिहिलं होतं की 2007 च्या सुमारास वीज कमी पडणार. कोळशावर बसलेला देश, ऐंशी टक्क्यांच्या आसपास वीज कोळशाचीच, तरी नवीन स्टेशनं वेळेत मंजूर केली नाहीत आणि जानेवारी 2008 मध्ये सोन्याच्या खाणी बंद ठेवायची पाळी आली. मेडुपी आणि कुसिले ही दोन अजस्र कोळशाची स्टेशनं काढली तीही उशिरा, प्रत्येकी साधारण 4800 मेगावॅटची. मेडुपीचं शेवटचं युनिट जुलै 2021 च्या अखेरीस पूर्ण झालं आणि आठवडा-दीड आठवड्यात चौथ्या युनिटच्या जनरेटरमध्ये हायड्रोजनचा स्फोट. कुसिलेला ऑक्टोबर 2022 मध्ये चिमणीतली धुराची नळी कोसळली, तीन युनिटं बंद. जुनी स्टेशनं देखभालीशिवाय रेटलेली, त्यात चोऱ्या आणि भ्रष्टाचार. फेब्रुवारी 2023 मध्ये राष्ट्राध्यक्ष रामाफोसांनी राष्ट्रीय आपत्ती जाहीर केली आणि मार्चमध्ये विजेसाठी वेगळा मंत्री नेमला. या सगळ्याची किंमत मोजली ती ज्यांचा त्यात काडीचा हात नव्हता त्यांनी, आणि हे मला अजूनही सहन होत नाही.

आता घरचं. सगळे इन्व्हर्टरबद्दल बोलतात, मी आधी पाण्याबद्दल सांगेन. जोहान्सबर्ग समुद्रसपाटीपासून सतराशे मीटरवर, शहरात मोठी नदी नाही, पाणी लांबच्या व्हाल नदीवरून पंपाने वर चढवतात आणि मग टेकड्यांवरच्या टाक्यांमधून सोडतात. पंपांची लाईट गेली की टाक्या भरत नाहीत, उंचावरच्या भागांत, ब्रिक्स्टन, हर्स्टहिल वगैरे, नळ कोरडे, आणि लाईट आली तरी पाणी लगेच येत नाही कारण टाकी भरायला वेळ लागतो. ओपाच्या पाणी प्रकल्पाच्या पंपांना लाईट नसली की फोंड्यात आणि पणजीत काय होतं ते आपल्याला माहीतच आहे, तेच, पण फार मोठ्या शहरात. तेव्हा घर बघताना पहिला प्रश्न टाकीचा विचारायचा. आपल्याकडे गच्चीवर टाकी असतेच, तिथं बहुतेक घरांत नसते, नळ सरळ लाईनवर.

दुसरं म्हणजे लाईट परत येते ती वेळ. सगळ्यांचे गीझर, ओव्हन, हीटर एकदम सुरू होतात आणि ट्रान्सफॉर्मरवर इतका भार येतो की तो उडतो, मग दोन तासांचं दोन दिवस होतं. लाईट गेली की बोर्डावर गीझरचा स्विच खाली, आल्यावर पंधरा-वीस मिनिटं थांबून वर, हे मुलाबाळांसकट सगळ्यांना शिकवायचं. फ्रिज उघडझाप केला नाही तर चार तास आतलं सुखरूप राहतं. जेवणाला गॅस ठेवा, तिथल्या घरात इलेक्ट्रिक शेगडीच असते.

नातवाचं: साधा नेब्युलायझर फार वीज खात नाही, छोट्या यूपीएसवर किंवा पोर्टेबल बॅटरीवर चालतो, त्याच्यासाठी घरभर इन्व्हर्टर नको. सेलवर चालणारे पण मिळतात. शिवाय स्पेसर म्हणजे प्लास्टिकचं नळकांडं लावून इनहेलरचा पंप घ्यायला लाईटच लागत नाही, तो त्याला चालेल का हे जाण्याआधी म्हापशातल्या डॉक्टरांना विचारून लिहून घ्या.

आणि वेळापत्रक. माणूस अंधारात राहू शकतो काका, पण कधी जाणार आणि कधी येणार हे कळलं पाहिजे. मे-जूनमध्ये आपल्याकडे वादळात माड तारांवर पडतो, तौक्तेच्या वेळी मे 2021 मध्ये तर गोव्यात किती गावं अंधारात होती, आणि लाईट कधी येणार हे कुणालाच सांगता येत नव्हतं. त्या मानाने तिथं मोबाईलवर एस्कॉमसेपुश म्हणून ॲप आहे, आपला भाग टाकला की पाळी दाखवतं. तिथल्या आपल्या मंडळाचा गणपती आम्ही त्यावर बघूनच बसवायचो, आरती साडेसहाची की नऊची हे ॲप सांगायचं, आणि लहान मुलं सुद्धा विचारायची, आज कितवी स्टेज.


प्रेषक: मडगाव

ताईंनी छान लिहिलंय पण काकांना उगाच घाबरवू नये असं मला वाटतं. मी सँडटनला होतो, 2022 ला पॅनेल आणि लिथियम बॅटरी बसवली आणि त्यानंतर लोडशेडिंग कधी आलं कधी गेलं कळायचंही नाही. 2023 ला सरकारने पॅनेलच्या खर्चावर 25 टक्के, जास्तीत जास्त 15,000 रँड करसवलत पण दिली होती. लोकांनी इतकं सोलर बसवलं की वर्षभरात छतावरची वीज जवळपास दुप्पट झाली, लोडशेडिंग थांबण्यात त्याचा मोठा वाटा आहे, सगळं श्रेय एस्कॉमच्या, म्हणजे तिथल्या सरकारी वीज कंपनीच्या, दुरुस्त्यांना देता येणार नाही. जावयांचं बरोबर आहे. सोलर असलेलं घर घ्या, भाडं थोडं जास्त पडेल, विषय संपला.


प्रेषक: फोंडा

भाऊ, सोलरने मदत झाली हे मान्यच आहे, आणि ज्याला परवडतं त्याने जरूर बसवावं. माझं म्हणणं विषय तिथं संपत नाही एवढंच.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी आयव्हरी पार्कहून यायच्या, मिडरँडच्या अगदी जवळची वस्ती. तिथं लोडशेडिंग संपल्यावरही लाईट जायची, त्याला लोड रिडक्शन म्हणतात. वस्तीत जोडण्या जास्त, बेकायदा पण, ट्रान्सफॉर्मर जळतात, म्हणून सकाळी आणि संध्याकाळी ऐन गर्दीच्या तासांत अख्खा भागच बंद ठेवतात. म्हणजे मुलांचा डबा करायची वेळ आणि अभ्यासाची वेळ, नेमक्या त्याच. जो बिल भरतो त्याचीही लाईट जाते. मावशी पहाटे मिट्ट काळोखात टॅक्सी पकडायला चालत निघायच्या, रस्त्यावरचे दिवे बंद, आणि त्या वेळेला तिथं मोबाईलसाठी माणसाला मारतात. पोचल्या की आधी फोन चार्जिंगला लावायच्या, कारण दिवसभर घरी पोरांना काय झालं ते कळायचा तोच एक मार्ग.

आपण पॅनेल बसवून बाहेर पडलो की मोठं बिल भरणारं गिऱ्हाईक कमी होतं, तारा, ट्रान्सफॉर्मर, माणसं यांचा खर्च मात्र तेवढाच, मग तो उरलेल्यांच्या दरात जातो. यात दोष सोलरवाल्यांचा नाही, पण आपला प्रश्न सुटला म्हणजे देशाचा सुटला असं नाही. केप टाऊनने बघा काय केलं, महापालिकेचं स्वतःचं स्टीनब्रासचं धरण आहे, रात्री स्वस्त विजेवर पाणी वर चढवायचं आणि गरज पडली की खाली सोडून वीज करायची, त्यातून शहराच्या ग्राहकांची एखादी स्टेज तरी कमी व्हायची. बंगल्याची, झोपडीची, दोघांची. मला असं काम आवडतं.

म्हणून काका, मुलीला एवढंच सांगा, बॅटरी घेतली तर घरात कामाला येणाऱ्या बाईंचा फोन आणि एक चार्जिंगचा दिवा रोज त्यावर भरून द्यायचा, आणि संध्याकाळी अंधाराच्या आत त्यांना सोडायचं, मीटिंग असली तरी. मंडळानेही एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची यादी परत काढावी, 2023 ला होती, कुणाकडे ऑक्सिजन मशीन, कुणाला चौथ्या मजल्यावरून लिफ्टशिवाय उतरता येत नाही, लाईट सुरळीत झाल्यावर ती यादी कुणी बघितलेली दिसत नाही.


प्रेषक: जोहान्सबर्ग, मंडळ सचिव

ताई, यादी माझ्याकडे आहे, या रविवारी सगळ्यांना फोन करून ताजी करतो.

काका, मी मिडरँडलाच राहतो. थोडक्यात: घर बघताना एजंटला विचारायचं की इन्व्हर्टर कशाकशाला जोडलाय, नुसता दिवे आणि वायफायला असतो आणि जाहिरातीत मोठ्ठं लिहितात. जोजो टाकी, म्हणजे पाणी साठवायची प्लास्टिकची टाकी, आहे का आणि तिला पंप असेल तर तो इन्व्हर्टरवर आहे का, नाहीतर टाकी भरलेली आणि नळ कोरडा. गेटची मोटर, अलार्म आणि विजेच्या कुंपणाची बॅटरी कधी बदलली, सारख्या लाईट जाण्याने त्या वर्ष-दोन वर्षांत बसतात आणि चोरांना ते माहीत असतं. गॅस असेल तर जोडणीचं सर्टिफिकेट हातात घ्या, नाहीतर आग लागल्यावर इन्शुरन्सवाले हात वर करतात. सिग्नलला इथं रोबॉट म्हणतात, ते बंद असले की चौकात प्रत्येकाने थांबायचं आणि जो आधी आला तो आधी जाणार, जावयांना हे पहिल्याच दिवशी सांगा, गोव्याच्या सर्कलची सवय इथं चालणार नाही. शाळेत जनरेटर आहे का आणि ऑफिसात नेब्युलायझर ठेवू देतील का, मी विचारून ठेवतो, शाळेचं नाव मला वेगळं कळवा.


प्रेषक: म्हापसा

सगळ्यांचे मनापासून आभार. मुलीला सगळं वाचून दाखवलं, तिने टाकीचं आणि मावशींचं वहीत लिहून घेतलं, जावई इन्व्हर्टरवर ठाम आहेत पण आता कशाला जोडलाय हे विचारणार आहेत. डॉक्टरांची वेळ सोमवारची घेतलीय, स्पेसरचं विचारतो. एकच राहिलं, इथला नेब्युलायझर तिथं चालेल ना, की प्लग वेगळा?


प्रेषक: फोंडा

चालेल काका. व्होल्टेज आपलंच, 230, फ्रिक्वेन्सी पण 50. आपला गीझरचा मोठा तीन गोल पिनांचा प्लग तिथल्या सॉकेटला बसतो, नेब्युलायझरचा छोटा असेल तर ॲडाप्टर लागेल, म्हापशातल्या कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो, दोन घ्या आणि एक मुलाच्या दप्तरात ठेवायला सांगा.