सल्ला हवा: पाण्यावरून भिडणाऱ्या गटांची गेमकथा एकतर्फी होतेय

काठावरचा:
नमस्कार मंडळी. आम्ही तिघं मित्र नोकरी सांभाळून एक गेम करतोय. सरकार, वीज, बाजार सगळं कोसळल्यानंतरचा गोदाकाठ. पैठणचं जायकवाडी धरण शाबूत आहे. गंगापूर, दारणा, मुळा धरणांवर ठाण मांडलेले ते 'वरचे' आणि जायकवाडीच्या जलाशयाच्या, म्हणजे नाथसागराच्या भरवशावर जगणारे ते 'खालचे'. खेळणारा असतो पाटकरी, म्हणजे कालव्याचं पाणी सोडणारा माणूस.

अडचण अशी की वरच्यांबद्दल लिहायला बसलो की ते खलनायकच होतात. मी लातूरचा. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने आलेलं पाणी प्यायलोय, पाणी भरायच्या जागी जमावबंदी लागलेली पाहिलीय. माझा कल लपत नाही. गेम खेळून पाहिलेल्या सातही जणांनी खालच्यांचीच बाजू घेतली. मग खेळणाऱ्यापुढे निवड उरतेच कुठे? काय बदलू?

द्राक्षबाग:
मी निफाडचा, म्हणजे तुमच्या गेममधला 'वरचा'. आमच्या घरात काय बोललं जातं ते सांगतो, त्यातून बघा काही मिळतं का. कपाशी गेली तर पुढच्या वर्षी पुन्हा लावता येते. द्राक्षाची बाग वाळली तर नव्याने उभी करण्यात वर्षं जातात. ऑक्टोबर छाटणीनंतर वेलीला पाणी लागतं आणि नेमकं तेव्हाच पाणी खाली सोडायचा विषय निघतो. सोडलेल्या पाण्यातलं बरंचसं कोरड्या पात्रातच मुरतं. नाथसागर उथळ, पसरट, त्यामुळे उन्हाळ्यात वाफेने जातं ते वेगळंच. वडील धरणाची दारं उघडल्याची बातमी ऐकून जेवणावरून उठलेले मला आठवतात. असा एक माणूस गेममध्ये घाला, बाजू आपोआप उभी राहील.

आणि खरा नियमच वापरा ना. गोदावरी खोऱ्यातल्या पाणीवाटपासाठी नेमलेल्या मेंढेगिरी समितीचं सूत्र: १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर वरून पाणी सोडायचं. तुमच्या जगात सरकार गेलं, पण ६५ हा आकडा दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांना पाठ आहे. तो मोजायचा कोणी? गाळाने साठा घटलाय, तो धरायचा की नाही?

रात्रपाळी:
द्राक्षबाग यांचा मुद्दा सोन्यासारखा आहे. 'फॉलआउट: न्यू वेगस' (२०१०) खेळला नसेल तर खेळाच. त्यातलं सगळं भांडण कोलोरॅडो नदीवरच्या हूवर धरणाभोवती फिरतं, पण मला त्याहून जास्त शिकवलं हेलिओस वन या सौरवीज केंद्राने. वीज कोणत्या वस्तीला द्यायची ते तिथे खेळणारा स्वतः ठरवतो. तुमच्या पाटकऱ्याचंही काम हेच आहे, तेव्हा त्याच्या हातात बंदुकीआधी दरवाजाचं चाक द्या.

त्याच गेममध्ये प्रत्येक गटाकडे तुमचं नाव आणि बदनामी वेगवेगळी मोजली जाते. चांगल्या कामाने जुना घाव पुसला जात नाही. तुम्हीही एकच काटा ठेवू नका. संवाद 'इंक' या गेमकथा लिहायच्या भाषेत लिहीत असाल तर दर गटाला दोन चल (व्हेरिएबल) पुरतात, एक नावाचा, एक बदनामीचा.

चारीचं शेपूट:
एक राहिलं. खालचे म्हणजे एकजीव गट नाही. कालव्याच्या तोंडाशी असलेला पोटभर भिजवतो, शेपटाकडच्याला पाळी येईपर्यंत चारी कोरडी. माझं रान शेपटालाच आहे. आमचं भांडण नाशिकशी नंतर, आधी चार मैलांवरच्या शेजाऱ्याशी. तिसरा गट बाहेरून आणू नका, खालच्यांमधूनच फोडा. आणि तिघांचा चमू आहात तर तीनच्या पुढे जाऊ नका. प्रत्येक नवा गट जुन्या प्रत्येकाशी नातं मागतो.

काठावरचा:
द्राक्षबाग, तुमच्या वडिलांचा प्रसंग वापरू का? परवानगी असेल तरच.

सुरुवात बदलतोय. १५ ऑक्टोबरची पहाट. पाटकरी मोजपट्टी वाचायला भिंतीवरून उतरतो. पाणी ६४ आणि ६५ च्या मधे हलतंय. वर दोन्हीकडची माणसं थांबलीत, आणि आकडा त्याने ओरडून सांगायचाय.

द्राक्षबाग:
वापरा. फक्त ताटात बाजरीची भाकरी दाखवा.