हूवर : डिग्रीचा दोष की विचारांचा?

‘इंजिनियर होता, आकडे कळले पण माणसं कळली नाहीत’ असं हर्बर्ट हूवरबद्दल, म्हणजे १९२९ च्या महामंदीच्या वेळच्या अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाबद्दल, वर चर्चेत कोणीतरी लिहिलंय, ते अर्धंच पटलं. १९१४ मध्ये जर्मनीनं बेल्जियम व्यापल्यावर तिथल्या लाखो लोकांपर्यंत धान्य पोचवायचं काम यानंच उभं केलं, तेही समुद्रात नाकेबंदी करणारे इंग्रज अन् जर्मन सैन्य दोघांशी बोलणी करून, आणि तेव्हा तो राजकारणात नव्हताच, लंडनमध्ये ऑफिस थाटून बसलेला खाण इंजिनियर होता. आमच्या उमरेड-सावनेरकडच्या कोळसा खाणीत काम केलेल्याला याचं नवल नाही वाटणार, मी पण तिथंच नोकरी करून राहिलो, निम्मा दिवस युनियनवाले, जमीन गेलेले शेतकरी आणि ट्रकवाले यांची समजूत घालण्यातच जातो, दगडाकडे बघायला वेळ कुठे!

चर्चेत एक गोष्ट आली नाही, १९२८ मध्ये थेट राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आला त्याआधी हा माणूस कुठल्याही सरकारी पदाची निवडणूक जिंकलेला नव्हता, वाणिज्यमंत्री होता पण नेमलेला. त्या खात्यात मात्र अस्सल इंजिनियरगिरी, विटा, नट-बोल्ट यांचे नाना साइझ कमी करून ठराविक ठेवायला त्यानं कारखानदारांना तयार केलं, सक्ती न करता, बैठका घेऊन. मंदीत घात झाला तो याच हट्टानं, बेकारांना केंद्र सरकारनं थेट पैसे द्यायचे नाहीत, स्थानिक लोकांनी अन् राज्यांनी बघावं. हा त्याच्या रिपब्लिकन पक्षाचा विचार झाला भाऊ, त्यात इंजिनियरिंगचा काय संबंध? १९३० मध्ये हजारावर अर्थतज्ज्ञ नको म्हणत असताना आयातकर वाढवायच्या कायद्यावर सही केली, तीही पक्षाचीच लाइन.