‘सर्व्हर रोल’ : भूमिका, काम की आणखी काही?

प्रश्न

दूरस्थ ॲप्लिकेशन पुरवणाऱ्या एका यंत्रणेच्या उभारणीची पुस्तिका मी मराठीत लिहीत आहे. या यंत्रणेत प्रत्येक सर्व्हरला ‘रोल’ दिलेला असतो. ॲप्लिकेशन प्रत्यक्ष जिथे चालते तो सेशन होस्ट, आलेल्या वापरकर्त्याला कोणत्या होस्टकडे धाडायचे ते ठरवणारा कनेक्शन ब्रोकर, बाहेरून येणाऱ्यांना ४४३ क्रमांकाच्या पोर्टवरून आत घेणारा गेटवे आणि परवान्यांचा हिशेब ठेवणारा लायसन्सिंग सर्व्हर. मी सर्वत्र ‘भूमिका’ हा शब्द योजला होता. परंतु मसुदा वाचणारे सहकारी ‘सर्व्हरने भूमिका बदलल्यास चालू सत्रे तुटतील’ या वाक्यावर थबकले आणि सर्व्हरने नेमके कोणत्या प्रश्नावर घूमजाव केले, असे त्यांनी विचारले. ‘भूमिका’ सोडून द्यावी काय? आणि ‘असाइन’साठी नेमणे, सोपवणे, बहाल करणे यांपैकी कोणते क्रियापद योग्य ठरेल?

पहिला प्रतिसाद

दोष ‘भूमिके’चा नसून वाक्याच्या कर्त्याचा आहे. भूमिका घेणे, मांडणे, बदलणे ही क्रियापदे आली आणि कर्ता स्वतः सर्व्हर असला की मराठी वाचकाला मतप्रदर्शनच ऐकू येते. तेच ‘सर्व्हरला दुसरी भूमिका दिल्यास’ असे लिहिले की तो अर्थ मागे सरतो, कारण देणारा वेगळा आणि घेणारा वेगळा आहे हे विभक्तीनेच स्पष्ट होते.

शब्दाच्या मुळाकडे पाहिले तर ‘भूमिका’ चपखलच आहे. इंग्रजीतला ‘रोल’ फ्रेंचमधून आला आणि नटाचे संवाद ज्या कागदाच्या गुंडाळीवर लिहून दिले जात, त्या गुंडाळीवरून तो शब्द रूढ झाला. आपल्या रंगभूमीवर त्याच कागदाला ‘नक्कल’ म्हणत. नटाची नक्कल पाठ असणे हा वाक्प्रचार तिथलाच. एकाच नटाने एका नाटकात दोन-तीन भूमिका केलेल्या आपल्याला खटकत नाहीत आणि नेमकी तीच सोय इथे लागते. लहान उभारणीत ब्रोकर, वेब ॲक्सेस (ब्राउझरमधून ॲप्लिकेशन उघडू देणारा) आणि सेशन होस्ट या तिन्ही भूमिका एकाच यंत्राकडे असू शकतात. ‘पद’ हा शब्द घेतला असता तर ‘एका सर्व्हरकडे तीन पदे’ हे वाक्य अतिरिक्त कार्यभाराच्या आदेशासारखे वाचले गेले असते.

‘बहाल करणे’ मात्र नको. बहाल होतो तो सन्मान किंवा काढून घेतलेला हक्क. परवाने मोजण्याचे काम कोणी कोणाला बहाल करत नाही.

दुसरा प्रतिसाद

वरील मताशी मी बव्हंशी सहमत आहे. तरी एक अडचण राहिली आहे आणि ती शैलीची नसून अर्थाची आहे. ‘सर्व्हर रोल’ या एकाच शब्दाचे दोन अर्थ प्रचलित आहेत. उभारणीच्या संदर्भात तो सर्व्हर काय काम करतो हे सांगतो. एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेस प्रणालीमध्ये मात्र सिसॲडमिन (सर्वाधिकार), डीबीक्रिएटर (डेटाबेस तयार करण्याचा अधिकार) यांसारखे ‘सर्व्हर रोल’ म्हणजे अधिकारांचे तयार गट असतात आणि ते लॉगिनला, म्हणजे प्रवेशखात्याला, दिले जातात. एक ब्रोकर बंद पडला तरी दुसऱ्याने काम चालवावे अशी मांडणी करताना ब्रोकरांना सामाईक एसक्यूएल डेटाबेस लागतो आणि त्यासाठी त्यांना डीबीक्रिएटर द्यावा लागतो. म्हणजे एकाच पानावर ब्रोकर हा ‘रोल’ असलेल्या सर्व्हरला आणखी एक ‘रोल’ द्यायचा असतो आणि दोन्हींना ‘भूमिका’ म्हटले तर वाचक हमखास चुकतो. मी पहिल्याला ‘भूमिका’ आणि दुसऱ्याला ‘अधिकारगट’ म्हणतो. पहिली सोपवली जाते, दुसऱ्यात लॉगिन समाविष्ट केले जाते.

क्रियापदांबाबत आणखी एक भेद पाळावा. सॉफ्टवेअरचे घटक ‘बसवले’ जातात, भूमिका नव्हे. तसेच भूमिका सोपवणे म्हणजे नुसती पाटी लावणे नव्हे: सेशन होस्टची भूमिका सोपवण्यापूर्वी विंडोज सर्व्हरवर व्यवस्थापनापुरतीच दोन दूरस्थ सत्रे मिळतात, ती सोपवल्यावर अनेक वापरकर्ते एकाच वेळी येऊ शकतात, पण परवान्यांची व्यवस्था १२० दिवसांच्या सवलतीच्या मुदतीत करावी लागते. एवढे बदलते म्हणूनच ‘देणे’पेक्षा ‘सोपवणे’ मला अधिक योग्य वाटते. त्यात जबाबदारीची छटा आहे.

प्रश्नकर्ता

‘अधिकारगट’ तत्काळ स्वीकारला. ‘नेमणे’ मात्र मला पूर्णपणे टाकवत नाही. ‘या सर्व्हरला ब्रोकर म्हणून नेमा’ हे वाक्य ‘या सर्व्हरकडे ब्रोकरची भूमिका सोपवा’ यापेक्षा आखूड आहे आणि सूचनेत ते शोभते.

पहिला प्रतिसादक, पुन्हा

तेही चालेल, फक्त नेमला जातो तो सर्व्हर आणि सोपवली जाते ती भूमिका, एवढे सांभाळावे. ‘भूमिका नेमा’ हे कानाला बोचते. वर्णनपर मजकुरात तर ‘भूमिका’ हा शब्दही दर वेळी लागत नाही. ‘हा सर्व्हर परवान्यांचे काम पाहतो’ असे लिहावे; माणसाबद्दल आपण हेच म्हणतो. ‘भूमिका निभावतो’ हे हिंदीच्या वळणाचे आहे. लिहायचेच असेल तर ‘बजावतो’ लिहावे. ‘होस्ट’चे ‘यजमान’ मात्र कृपया करू नये. सत्राचे यजमान म्हटले की डोळ्यांसमोर यंत्र न येता पाटावर बसलेले गृहस्थ येतात.